केसलीबाईच्या बाह्या

माझ्या वडिलांची मान आयुष्यभर डावीकडे कललेली होती. यवतमाळच्या एका सरकारी कचेरीत त्यांनी सगळी नोकरी काढली आणि त्यांच्या वाट्याला आलेलं टेबल कुणा जुन्या, ताडमाड साहेबासाठी बनवलेलं होतं. वडील बेताच्या उंचीचे. मग ते खुर्चीवर दोन जाड फायली टाकून त्यावर बसत. फायली सरकल्या की वडीलही सरकत, आणि लिहिताना मान आपोआप एका बाजूला जाई. आजोबा, वडील, काका, आमच्या घरातले सगळे टेबलामागे बसून पोट भरणारे. पण टेबल मुळात किती उंच असावं, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. मान दुखली की आई तिळाचं तेल चोळायची. तेल संपलं की दुसरी बाटली यायची.

तो प्रश्न मला पडला आणि पुढे त्याच प्रश्नावर माझं पोट भरलं.

माझा धंदा लोकांना समजावून सांगणं हे धंद्यापेक्षा अवघड होतं. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाई विचारायच्या, "इंजिनियर म्हणजे पूल बांधता का?" मी म्हणायचे, "नाही, कारखान्यात कामाची जागा आखते. टेबल, स्टूल, हत्यार कुठे ठेवायचं, वगैरे." मग त्या माझ्याकडे जरा कणवेनं बघायच्या आणि जिलबी वाढायला सांगायच्या. माझ्या सख्ख्या मावशीनं तर एकदा सरळ विचारलं, "एवढं शिकून शेवटी सुतारकामच का गं?"

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तुमच्या स्वयंपाकघरातला ओटा आठवा. तो बहुतेक गवंड्याच्या मर्जीनं बांधलेला असतो. पोळ्या लाटून खांदे भरून आले, तर ओटा तुमच्यासाठी उंच आहे. कंबर धरली, तर बुटका आहे. हलक्या हाताचं काम कोपराच्या जरा खाली असावं, जोर लावायचं काम त्याहून खाली. कोपर अंगाशी ठेवून हात फिरवला की जेवढी जागा येते, तेवढ्यात रोजची वस्तू सापडली पाहिजे. दर वेळी कमरेतून वळावं लागत असेल, तर दोष कमरेचा नाही. एवढंच आमचं शास्त्र. बाकीचा सगळा वेळ मालकाला पटवण्यात जातो.

मालकांचे नमुने काय सांगावेत! एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, मालकाला मी बायकांसाठी स्टुलं सुचवली, तर तो म्हणाला, "बाई बसली की पेंगते." मी विचारलं, "तुम्ही दिवसभर गादीवर बसता, तुम्ही पेंगता का?" त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, "पेंगतो ना! म्हणूनच त सांगून राह्यलो!" आर्णीच्या एका लोखंडी कपाटं बनवणाऱ्याचं टेबल मी विटांवर चढवून दिलं. पुढच्या खेपेला गेले तर विटा गायब. त्यानं मागच्या अंगणात त्यांची चूल मांडली होती, आणि पाठ पुन्हा दुखते अशी तक्रार मात्र माझ्याकडे केली. चहा त्याच चुलीवरचा पाजला, तो चांगला होता.

पण आज मला सांगायचं आहे ते केसलीबाईबद्दल.

कापसाची ती वाईट वर्षं होती. त्या वर्षांबद्दल पुष्कळांनी पुष्कळ लिहिलं आहे, मी त्यात भर घालणार नाही. मला ती दिसली कारखान्यांच्या फाटकांतून. ऐन हंगामात जिनिंग मुकी पडलेली, आवारात गाड्यांच्या रांगा नाहीत, आणि फाटकाशी मात्र बायकांचे घोळके. या बायकांची बोटं बोंडातून कापूस वेचण्यात मुरलेली. शेतात वेचायला फार उरलं नाही, तेव्हा त्या कापसाच्याच मागे मागे कारखान्यापर्यंत आल्या.

आर्णी रोडवर किसनशेठ नावाच्या गृहस्थांनी एका बंद जिनिंगच्या शेडमध्ये दवाखान्याचा कापूस बनवायला सुरुवात केली होती. जखमेवर लावतात तो, निळ्या कागदात गुंडाळलेला. कापूस शिजवून, धुऊन, वाळवून, पिंजून त्याचा मऊ पत्रा निघतो. तो पत्रा कागदासकट लोखंडी दांड्यावर गुंडाळायचा, दांडा ओढून काढायचा आणि गुंडाळी पिशवीत भरायची. गुंडाळी फार घट्ट झाली तर पिशवीतून काढताना फाटते, सैल झाली तर पोटातून ढळते. हे काम बायका जमिनीवर बसून, दांडा हातानं फिरवून करत. माल घेणाऱ्या नागपूरच्या कंपनीनं कळवलं की जमिनीवर तयार झालेला माल चालणार नाही. म्हणून किसनशेठनं मला बोलावलं.

मी इंचपट्टी घेऊन बायकांच्या कोपरांची मापं घ्यायला लागले, तशी एक जण मोठ्यानं म्हणाली, "झंपर शिवता काय वो मॅडम?"

"नाही, टेबल शिवते," मी म्हटलं.

"बरं झालं. आमी कांचळी घालतो. थे तुमाले जमली नसती."

सगळ्या हसल्या. बोलणारी होती केसलीबाई. जवळच्याच बंजाऱ्यांच्या तांड्यावरून यायची, वयानं चाळिशीच्या आसपास. अंगावर भिंगं लावलेला, भरपूर घेराचा घागरा, ज्याला त्या फेटिया म्हणतात. आणि दोन्ही हातांत मनगटापासून कोपरापर्यंत आणि कोपराच्या वर दंडभर पांढऱ्या बलिया. बलिया म्हणजे जाड बांगड्या. बऱ्याचशा प्लास्टिकच्या होत्या, दंडावरच्या काही सासूकडून आलेल्या हाडाच्या. तरण्या पोरींनी हे सगळं सोडून साडी आणि काचेच्या बांगड्या धरल्या होत्या. केसलीबाईनं सोडलं नव्हतं. तिच्यासोबत येणाऱ्या पोरी तिला याडी म्हणत, म्हणजे आई. तिची गुंडाळी सगळ्यांत सारखी यायची आणि तिची जीभ सगळ्यांत जास्त चालायची.

टेबलं झाली, बायका बसल्या, पाठीच्या तक्रारी कमी झाल्या. किसनशेठ खूश झाले आणि खुशीत त्यांनी मला न विचारता एक गोष्ट केली. नागपूरहून दांडा फिरवायच्या जुन्या मोटरी आणल्या. हात फिरवायची गरज नाही, माल भराभर निघणार.

मोटरी बसवल्यावर मी बघायला गेले, तेव्हा मी केसलीबाईच्या समोरच उभी होते. कागदासकट कापसाची एक लांब पट्टी तिच्या बलियांच्या फटीत अडकली, दुसरं टोक दांड्यावर चढलं, आणि दांडा फिरतोच आहे. तिचा हात खेचला गेला. तिनं ओरडून हात मागे ओढला, एक बलिया तडकन फुटली, आणि सुपरवायझर वानखड्यांनी धावत येऊन बटण बंद केलं. हाताला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. 

वानखडे तसे वाईट नव्हते. घाबरलेला माणूस ओरडतो, तसे ते ओरडले. "बाई, सांगतलं होतं ना तुले? नागपूरवाल्याचीबी तेच अट हाय. हातावर कायबी चालत नाई. काढ थ्या सगळ्या, नाईतर उद्यापासून येऊ नको!"

"काहून काढू? माहा नवरा जित्ता हाय."

"म्या कोठं म्हनतलं मेला म्हनून?"

"दंडावरच्या काढल्या त लोक थेच म्हनतीन."

ती उठली आणि बाहेर कडुलिंबाखाली जाऊन बसली. तिच्यासोबतच्या पोरींनी हात थांबवले. बाकीच्या मोटरी चालू होत्या आणि काम बंद होतं, तेव्हा किसनशेठनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू बलिया मीच भरल्या होत्या.

खरं सांगायचं तर हट्टी माणसांचा मला राग येतो, कारण मी स्वतः तशीच आहे. मी तणतणत तिच्याजवळ गेले. म्हटलं, "अहो केसलीबाई, हात तुटला असता आत्ता. कामापुरत्या काढा, घरी गेल्यावर घाला. दुसऱ्या पोरी नाही का काढत?"

तिनं फुटलेल्या बलियाचे तुकडे फेटियाच्या घेरात घेतले होते. ते बोटांनी जुळवत ती म्हणाली, "खालच्या काढतो मी. वरच्या नाई."

मग हळूहळू बाकीचं निघालं. तिचा नवरा परसराम याच शेडमध्ये, ती जिनिंग असताना, हमाल होता. गाठी वाहायचा. जिनिंग बंद पडली, आणि पुढच्याच वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून तो खाटेवर होता. घर हिच्या गुंडाळ्यांवर चालत होतं.

"एक अंग गेलं, जबान बी गेली," ती म्हणाली. "डोये तेवढे हायेत. सांजच्याले मी घरी गेली का थो पयले माह्या हाताकडं पाह्यते, मंग तोंडाकडं. उघडा दंड दिसला त त्याले काय वाटन वो मॅडम? बोलता येत नाई, इचारता येत नाई. मी मेलो अन् मलेच सांगतलं नाई, असंच वाटन ना?"

इतकी वर्षं मी माणसाचा हात मोजत होते: मनगट, कोपर, खांदा. त्या हाताकडे संध्याकाळी कुणी खाटेवरून बघत असतं, हे माप माझ्या पट्टीवर नव्हतं. माझा राग उतरला आणि त्या जागी काळजी येऊन बसली. कंपनीचा माणूस पुढच्याच आठवड्यात पाहणीला येणार होता. त्यानं नापास केलं असतं तर सगळ्यांचंच काम गेलं असतं, आणि त्यानं पास करावं म्हणून केसलीबाईला घालवलं, तर तिच्या घरची चूल विझली असती.

मी किसनशेठकडे गेले. म्हटलं, "मोटरी काढा. पायानं चालणारे दांडे बसवू. शिलाई मशीनसारखे. पाय उचलला की दांडा थांबतो, त्याला हात ओढायची ताकदच नसते."

"एक बाई के लिए मोटर निकालूं? मॅडम, तुम्ही बी ना!"

"एका बाईसाठी नाही, शेठजी. लोडशेडिंगसाठी."

त्यांचे कान टवकारले. त्या दिवसांत वीज अशी जायची की मोटरी चालण्यापेक्षा नुसत्या बसूनच जास्त असायच्या. मी म्हटलं, "वीज गेली तरी पाय चालतात." किसनशेठ हो म्हणाले. आमच्या धंद्यात ही एक गोष्ट मी लवकर शिकले होते. माणसाची पाठ, खांदा, जीव यांच्या नावानं काही विकलं जात नाही. मालकाची जी नस दुखते, तिच्यावर बोट ठेवावं लागतं. वाईट वाटतं, पण वाईट वाटून टेबलं बसत नाहीत.

वेल्डिंगवाले रऊफभाई माझे नेहमीचे सोबती. त्यांनी भंगारातून जुन्या शिलाई मशीनचे लोखंडी पाय गोळा केले, पट्टा दांड्याला जोडला, आणि पहिलं टेबल उभं केलं. मी कौतुकानं म्हटलं, "बसा केसलीबाई, तुमचं सिंहासन." तिनं बसून पाय मारला. दांडा छान फिरला. दुसऱ्यांदा मारला, आणि चाकानं तिचा फेटिया धरला. घेर पट्ट्याखाली गेला, भिंगं टचटच तुटली, आणि ती उठताना कडेची एक पट्टी टरकन फाटून चाकातच राहिली.

"वा वो मॅडम!" ती कडाडली. "हात वाचवाले गेल्या अन् घागरा खाल्ला! माह्या मायनं भरला होता थो!"

पोरी तोंडाला पदर लावून हसत होत्या. रऊफभाई भिंतीकडे तोंड करून उभे. मी घरी येऊन माझ्या कामाची जुनी चित्रं बाहेर काढून बघितली. प्रत्येक चित्रात टेबलाशी एक माणूस बसलेला होता, आणि त्या माणसाला कमरेखाली दोन सरळ रेघा होत्या. शिकताना पुस्तकात अशीच माणसं होती, पँट घातलेली. मीही आयुष्यभर तशीच काढत आले, स्वतः साडी नेसून. आईच्या जुन्या शिलाई मशीनपाशी जाऊन बसले तेव्हा दिसलं की चाकाच्या पुढे एक नक्षीदार लोखंडी जाळी आहे. लहानपणापासून मी तिला शोभेची समजत होते. आईला विचारलं तर ती म्हणाली, "अगं, ती नसती तर माझी लुगडी नसती का गेली त्यात?" भंगारवाल्यानं नेमकी तीच जाळी काढून वेगळी विकली होती.

रऊफभाईंनी सगळ्या चाकांना जाळ्या ठोकल्या. स्टुलं मी रुंद केली, घेर दोन्ही बाजूंना पसरून बसता यावं म्हणून. आणि फेटियाची कड केसलीबाईनं स्वतः शिवली, माझ्याकडे न बघता, दोन दिवस.

उरल्या बलिया. कंपनीची अट कापसात काही पडू नये म्हणून होती, तेव्हा मी पांढऱ्या दाट कापडाच्या बाह्या शिवायच्या ठरवल्या. मनगटाशी इलॅस्टिक, वर खांद्याशी बांधायचे बंद. केसलीबाईच्या हाताचा घेर खालच्या-वरच्या सगळ्या बलियांवरून घेतला आणि माप शिंप्याला दिलं. तो दोनदा वाचून म्हणाला, "ताई, हा हात हाय का खांब?" मी म्हटलं, "खांबच समजा. घर त्याच्यावर उभं आहे."

पाहणीला आलेला तरुण नागपूरचा होता, नम्र आणि टापटीप. त्यानं सगळं नीट बघितलं. केसलीबाईपाशी येऊन थांबला. बाही फुगलेली होती, कोपराशी थोडी कडकही दिसत होती.

"आत काय आहे?"

केसलीबाईनं पाय उचलला. दांडा थांबला.

"बांगड्या आहेत," मी म्हटलं. लपवण्यात अर्थ नव्हता. "त्या निघणार नाहीत. पण त्यांच्यावरून काही गळणारही नाही. बघा."

त्यानं बाही बोटांनी घासली, एक काळं फडकं काढून तिच्यावरून फिरवलं, फडकं उजेडात धरलं. मनगटाचं इलॅस्टिक ओढून बघितलं. मग म्हणाला, "ही पायाची पद्धत मी कुठे बघितली नाही. बसून बघू?" आणि केसलीबाईच्या स्टुलावर बसला. उंच माणूस. त्याचे गुडघे टेबलाच्या फळीला खट्ट आदळले. त्यानं खाली सरकून पाहिलं, तिरपं बसून पाहिलं, एक गुंडाळी केली. ती त्याच्या मांडीवरच उलगडली.

"हे जमत नाही," तो म्हणाला.

"तुमच्यासाठी नाहीच ते," मी म्हटलं. "यांच्यासाठी आहे."

हे वाक्य बोलताना मला काय वाटलं, ते कुठल्याही प्रमाणपत्रानं वाटलं नाही. वडिलांची वाकडी मान डोळ्यांपुढे आली. त्यांच्यासाठी असं कुणी म्हटलं नव्हतं.

तो हसला आणि उठला. जाताना एकच अट घातली. बाह्या फक्त एकीला नाही, सगळ्यांना. बांगड्या असोत नसोत. किसनशेठनं कापडाचा हिशोब मनात मांडत मान डोलावली.

त्याचा परिणाम पहिल्याच उन्हाळ्यात दिसला. आमच्या यवतमाळचा उन्हाळा, वर पत्र्याचं छप्पर, आणि हातांत खांद्यापर्यंत बाह्या. पोरी कुरकुरायला लागल्या. "याडी, तुह्यापायी आमचे हात शिजून राह्यले!" एकीनं म्हटलं, "तुले नाई होत का गरम? एवढ्या बलिया, त्यावर बाही." केसलीबाई पाय मारता मारता म्हणायची, "होते ना. पन माहा हात मले लागते, तुमाले नाई." म्हणजे काय ते कुणाला नीट कळायचं नाही, पण पोरी गप्प बसायच्या. मी शेडच्या वरच्या बाजूला झरोके पाडून घेतले, थोडी हवा आली. थोडीच. ते काम मला मनासारखं जमलं नाही, याची चुटपुट आजही आहे.

त्यानंतर मी इतर ठिकाणी फिरत राहिले. झरी जामणीच्या बाजूला बांबूच्या कामासाठी बैठका बनवल्या, डाळमिलीत पोती शिवायची जागा आखली. किसनशेठकडे अधूनमधून चक्कर व्हायची. केसलीबाई चहा पाजायची आणि कांचळी शिवता येते का, हे विचारायला विसरायची नाही.

एका हिवाळ्यात मी नवीन स्टुलांसाठी गेले, तर तिची जागा रिकामी होती. वानखडे म्हणाले, "परसराम गेला." अजून ती येत नव्हती. पुढच्या खेपेला आलेली दिसली. सकाळची वेळ, बायका दाराशी खुंटीवरच्या बाह्या काढून घालत होत्या. केसलीबाईनंही घातल्या. पण आत हात नुसता हात होता. बाही पोकळ लोंबत होती, कोपराखाली कापडाचा झोळ झाला होता. तिनं तो झोळ मुठीत धरून ठेवला होता.

माझा डोळा धंद्याचा, तो आधी झोळावर गेला. दांड्याशी सैल कापड म्हणजे पुन्हा तेच. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "केसलीबाई, ही बाही चालणार नाही. उद्या मापाची शिवून आणते."

"नको."

"अडकेल हो."

"मापाची नको वो मॅडम." तिनं इकडेतिकडे पाहून आवाज खाली घेतला. "तांड्यात सगळ्या माह्या दंडाकडं पाह्यतात अन् रडतात. त्या रडल्या का मीबी रडतो. मंग काम राह्यते. इथं या बाहीत कोनाले दिसत नाई. हात पयलेसारखा दिसते. मलेबी."

तिची अडचण मला कळली, पण माझीही सुटत नव्हती. सैल बाही मी चालू देणार नव्हते. बारीक बाही ती घालणार नव्हती. मग बाजूच्या टोपल्याकडे लक्ष गेलं. फाटलेल्या, ढळलेल्या गुंडाळ्या त्यात टाकायच्या, कंपनीला न चालणारा कापूस. मी त्यातला मूठभर घेऊन तिच्या बाहीत, दंडाशी सारला. झोळ भरला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग कापसाकडे, आणि माझ्या हातातून बाही ओढून घेतली.

"असं नाई," ती म्हणाली. "थो सरकन. शिवा लागते."

जेवणाच्या सुट्टीत तिनं सुई-दोरा काढला. बाहीला आतून कापड लावून मधे कापूस घातला आणि आडव्या ओळींनी शिवत गेली, गोधडी शिवतात तशी. मनगटापासून कोपरापर्यंत एकाखाली एक वळी, मग कोपर वाकण्यापुरती जागा सोडून वर दंडावर पुन्हा वळ्या. पोरी जेवता जेवता बघत होत्या. एकीनं बॅटरीचा उजेड जवळ धरला, कारण शेडमध्ये वीज गेली होती.

शिवून झाल्यावर तिनं बाही चढवली. मी पट्टी काढून घेर मोजला. जुन्या मापाचाच भरला. बाही अंगाला घट्ट होती, कुठे सैल नाही. दोन बोटं घालून ओढून बघितली, सरकली नाही. मी म्हटलं, "पास."

ती जागेवर बसली, फेटियाचा घेर दोन्ही बाजूंना पसरला, आणि पाय मारला. दांडा फिरायला लागला.

"गरम नाही का होत हो त्यात?" मी विचारलं.

"होते ना," ती म्हणाली. "पयलेबी होतच होतं."